सोलापूरच्या हद्दीबाहेर माळाच्या कडेला राहायला येताय? मग आधी एवढं करा

बार्शी रोडनं किंवा तुळजापूर रोडनं शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूला प्लॉटचे बोर्ड सुरू होतात. "निसर्गाच्या कुशीत", "शहरापासून फक्त १५ मिनिटं", आणि हल्ली नवीन म्हणजे "फॉरेस्ट टच". युनिव्हर्सिटीत जॉइन झालेली, चिंचोळी एमआयडीसीत लागलेली, बँकेतून बदली होऊन आलेली मंडळी हे बोर्ड बघतेत आणि विचारतेत की अहो फॉरेस्ट कुठंय, इथं तर नुसतं वाळलेलं गवत, दगडं आणि मधूनच एखादी बाभळ. तर तेच आहे आमचं फॉरेस्ट. कोकणासारखं अंधारं जंगल सोलापुरात शोधत बसलात तर मिळणार नाही, इथं वर्षाला पाऊसच पडतो ५००-६०० मिलिमीटर, त्यात जे टिकतं ते गवत. पण कागदावर त्यातला बराच माळ राखीव वन आहे नाहीतर अभयारण्य, आणि नवीन माणूस नेमका तिथंच फसतो कारण डोळ्याला ते पडीक दिसतं.

म्हणून क्रमानं सांगतो, जमेल तसं.

सगळ्यात आधी हद्द कुणाची ते विचारा

सोलापुरात "हद्दवाढ भाग" हा शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल. १९९२ ला महापालिकेची हद्द वाढली आणि शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, दहिटणे अशी आजूबाजूची गावं शहरात आली. ही दिसायला अजूनही अर्धी गावंच आहेत, शेतं आहेत, गोठे आहेत, पण टॅक्स महापालिकेचा. त्याच्या पुढं गेलं की हिरज, तिऱ्हे, कोंडी, पाकणी, तळे हिप्परगा, कारंबा, मार्डी, नान्नज, ही ग्रामपंचायतीची गावं, तालुका उत्तर सोलापूर. रस्त्यावर हद्दीची रेघ मारलेली नसते आणि एजंट तर "शहरातच धरा की" म्हणून मोकळा होतो.

ही रेघ इतकी महत्त्वाची का, तर तिच्या अलीकडं बांधकाम परवाना, पाणी, कचरा, जन्म-मृत्यूचा दाखला सगळं महापालिकेकडं, आणि पलीकडं ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि तहसील अशी चार दारं. पोलीसपण बदलतेत, शहरात पोलीस आयुक्तालय आणि बाहेर ग्रामीण पोलीस. रेशन कार्डाचं ऑफिस बदलतं. तेव्हा प्लॉट बघायला गेलात की पहिला प्रश्न भाव काय हा नको, "गट नंबर (जमिनीचा सरकारी नंबर) किती आणि गाव कुठलं" हा विचारा. गट नंबर सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडं चहा प्या आणि परत या.

माळ पडीक नसतो, हे डोक्यात पक्कं बसवा

नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आधी सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी माळढोकासाठी बराच पाठपुरावा केला होता. जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके आत, गावं, बाजारपेठा, उसाचे फड सगळं आत. त्यामुळं झालं काय की कित्येक वर्षं जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती, कारखाना काहीपण करायचं म्हणलं की माळढोक आडवा यायचा, आणि ज्या पक्ष्याला लोकांनी कधी बघितलंपण नव्हतं त्याच्यावर गावं चिडून असायची. पुढं हद्दीची फेररचना होऊन ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "माळढोकचं आरक्षण" हा शब्द आहे, कुणी म्हणतं उठलं, कुणी म्हणतं नाही उठलं. दोघांचंही ऐकू नका, तुमचा गट नंबर घेऊन वनखात्यात जा आणि लेखी विचारा.

आणि वनखातं म्हणजे एकच ऑफिस नाही बरं का. साधी वनजमीन सोलापूर वनविभागाकडं असते, अभयारण्य मात्र पुण्याच्या वन्यजीव विभागाखाली येतं आणि त्यांचे लोक नान्नजला असतात. एकाकडं गेलात तर तो दुसऱ्याकडं पाठवतो, हे गृहीत धरूनच सुट्टी टाका. विचारायच्या गोष्टी अशा: हा गट राखीव वनात आहे का, वनाला लागून आहे का, अभयारण्याच्या हद्दीत किंवा त्याच्या भोवतीच्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो का. झोनमध्ये आला म्हणजे घर बांधताच येत नाही असं नसतं, पण परवानगीचा रस्ता लांबतो आणि काही उद्योगांना सरळ बंदी असते. कुणाला तिथं रिसॉर्ट किंवा हुरडा पार्टीचं फार्म काढायचं डोक्यात असेल तर हे आधी बघायचं, शेड मारल्यावर नाही.

इथली वनजमीन सलग नाही, हा अजून एक घोळ. मध्येच वनाचा तुकडा, त्याला लागून कुणाची ज्वारी, पलीकडं गायरान, परत वन, मग द्राक्षाची बाग. नान्नजला द्राक्षबागा आणि काळवीट एकमेकांच्या शेजारी नांदतेत. तारेचं कुंपण सगळीकडं नसतं, म्हणून दगडी बुरूज, वनखात्याच्या सीमाखुणा कुठं आहेत त्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन पायी फिरून बघा. बोरामणीच्या विमानतळाचं काय झालं ते सोलापुरात शेंबड्या पोरालापण माहितीय, थोडी वनजमीन मध्ये आली आणि प्रकल्प वर्षानुवर्षं लटकला. सरकारचं विमानतळ अडतं तिथं आपला ३० बाय ४० चा प्लॉट काय चीज आहे.

कागद, आणि ह्यात घाई करायची नाही

सातबारा ऑनलाईन निघतो, डिजिटल सहीचा १५ रुपयाला मिळतो, त्यामुळं विकणाऱ्यानं हातात ठेवलेली झेरॉक्स घेऊन खूश व्हायचं नाही, स्वतः काढायचा. वाचताना नावाच्या आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर पुढं जा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग तो इनाम असो, वतन असो की वाटप झालेली जमीन. मग "इतर हक्क" ह्या रकान्यात काय काय लिहिलंय ते, बँकेचा बोजा, कुळ, वन, पुनर्वसन, जे असेल ते. मग मागचे फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडं गेली त्याच्या नोंदी. ज्याला वेळ नाही त्यानं निदान वकिलाला पैसे देऊन सर्च रिपोर्ट काढून घ्यावा, पण वकील आपला बघायचा, एजंटनं "आपलाच माणूस आहे" म्हणून दिलेला नको.

शेतजमीन घ्यायची असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तुमच्या नावावर नाहीतर वारसानं कुठंतरी सातबारा पाहिजे. नसेल तर शेतजमीन विसरा आणि बिगरशेती झालेलाच प्लॉट बघा. इथं सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे दोन-तीन गुंठे तोडून नोटरीवर विकणं. "सगळेच असं घेतेत साहेब, दहा वर्षं झाली कुणाला काय झालं नाही." तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, २०२५ मध्ये सरकारनं त्यात काही सवलती दिल्या हे खरं, पण त्या सगळ्या जमिनींना सरसकट नाहीत, आणि नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर होत नसेल तर तो प्लॉट घ्यायचा नाही, इतकं सरळ ठेवा. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिगरशेतीसाठी वेगळी परवानगी घ्यायची कटकट कायद्यानं कमी केलीय, त्यामुळं गावाला चिकटून असलेला प्लॉट थोडा महाग वाटला तरी माझ्या मते तोच घ्यावा. माळाच्या कडेचा स्वस्त प्लॉट दोन वर्षांत रस्ता, पाणी, लाईट ह्यात तेवढाच पैसा खातो.

रस्त्यावरून आठवलं. प्लॉटपर्यंत जायचा रस्ता नकाशावर आहे का ते महाभूनकाशावर बघा, तिथं गट नंबर टाकला की आकार दिसतो. नुसती चाकोरी पडलीय म्हणजे रस्ता झाला असं नसतं. ती चाकोरी वनजमिनीतून जात असेल तर तिथं डांबर कधीच पडणार नाही, आणि दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर भांडण झाल्यादिवशी तो नांगर घालणार. सरकारी मोजणी करून घ्या, भूमी अभिलेखमध्ये अर्ज करायचा, वेळ लागतो, पण शेजारी वनखातं असेल तर मोजणी झाल्याशिवाय कुंपणाचा एक खांब रोवू नका.

ग्रामपंचायतीत पहिली फेरी

खरेदीखत झालं की काम संपलं असं समजून लोकं घर बांधून मोकळी होतेत आणि नाव लावायचं तसंच राहतं. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद तलाठ्याकडं होते, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. घराची नोंद मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला होते, ती वेगळी. सूची २ (खरेदी रजिस्टर झाल्याचा उतारा), आधार, जुन्या मालकाची घरपट्टी भरल्याची पावती आणि अर्ज घेऊन ग्रामसेवकाकडं जायचं. आता सरकारनं ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण गावात जाऊन ग्राम महसूल अधिकारी कुठं बसतेत म्हणून विचारलंत तर लोकं तुमच्याकडंच बघत बसतील. तलाठी म्हणा, भाऊसाहेब म्हणा, लगेच सापडतेत.

दोघांकडंही दोन-तीन गावांचा चार्ज असू शकतो, म्हणून कुठल्या वारी कुठल्या गावात ते आधी फोन करून विचारा. जुनी थकबाकी किती ते बघा, कारण घरपट्टी घरावर असते आणि जुन्या मालकानं भरली नसेल तर दार तुमचंच वाजणार. बांधकामाची परवानगी गावठाणात ग्रामपंचायतीकडून, गावठाणाच्या बाहेर मात्र महसूल आणि नगररचना ह्यांच्याकडून. सरपंचांनी "बांधा हो, मी आहे" म्हणलं तरी कागद घ्या. सरपंच पाच वर्षानं बदलतो, घर बदलत नाही.

पाणी आणि लाईट

शहरात नळाला काही दिवसाआड पाणी येतं म्हणून वैतागून बाहेर राहायला आलेले लोकं इथं येऊन बघतेत तर नळच नाही. जलजीवन मिशनमधून माणशी रोज ५५ लिटर द्यायचं ठरलंय, गावठाणात लाइन बऱ्याच ठिकाणी पोचलीय, पण माळावरच्या नव्या प्लॉटिंगपर्यंत ती आपोआप येत नाही. उरलं बोअर. जमीन सगळी काळ्या कातळाची, पाणी लागलं तर भेगेत लागतं, नाहीतर शेजाऱ्याला धो धो आणि तुम्हाला नुसती धूळ. पानाडी नारळ हातावर उभा करून जागा सांगतो, लोकांचा विश्वास आहे, मी वाद घालत नाही. पण आजूबाजूच्या चार बोअरला एप्रिल-मे मध्ये पाणी राहतं का, हे विचारणं फुकट आहे आणि जास्त कामाचं आहे. प्लॉट बघायचा तर मे महिन्यातच बघा, पावसाळ्यानंतर सगळाच माळ हिरवा आणि प्रत्येक विहीर भरलेली. बोअरचं पाणी तपासून घ्या, गच्चीवरचं पावसाचं पाणी जिरवायची सोय बांधकामातच करून घ्या, नंतर होत नाही.

लाईटचं एक कुणी सांगत नाही ते सांगतो. गावाला गावठाण फीडर असतो आणि शेताला शेतीचा फीडर. शेतातल्या घराला शेतीच्या फीडरवरून कनेक्शन असेल तर थ्री फेज लाईट ठराविक तासच, तीपण कधी दिवसा कधी रात्री. वर्क फ्रॉम होम करणाऱ्यानं आधी महावितरणच्या लाइनमनला गाठून डीपी (ट्रान्सफॉर्मर) कुठल्या फीडरवर आहे ते विचारायचं. पोल लांब असेल तर त्याचा खर्च किती येईल तेपण.

ड्रेनेज नाही, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा बांधावाच लागतो, आणि तो बोअरपासून लांब. घंटागाडी सगळ्या गावात रोज येतेच असं नाही. कचरा पेटवायची सवय असेल तर ती शहरात सोडून या, कारण उन्हाळ्यात इथलं गवत एका ठिणगीवर पेटतं. वनखातं त्यासाठी उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग थांबवायचा मोकळा पट्टा, काढतं, आणि तुमच्या कचऱ्यानं वनाला आग लागली तर गुन्हा तुमच्यावर.

शेजारी कोण कोण राहतं

काळवीट दिसणार, पहिल्यांदा सगळे फोन काढतेत, नंतर सवय होते. खोकड दिसेल, मुंगूस, ससे, मोर, आणि नशीब असेल तर लांडगा. लांडगा म्हणलं की नवीन माणूस घाबरतो. तो माणसाच्या वाट्याला सहसा जात नाही, त्याचं लक्ष धनगराच्या मेंढरांवर असतं, आणि धनगर शेकडो वर्षं त्याला ओळखून आहेत. माळढोक आता इतका कमी झालाय की दिसला तर पेपरात बातमी येते, तेव्हा घराच्या गच्चीवरून दिसेल म्हणून कुणी प्लॉट विकत असेल तर नमस्कार करा.

खरा प्रश्न कुत्र्यांचा आहे, आणि तो आपण लोकंच घेऊन येतो. वस्ती वाढली, खरकटं वाढलं, मोकाट कुत्री वाढली, ती टोळीनं काळवीटाची पाडसं मारतेत आणि त्यांचे रोग लांडग्या-खोकडांत पसरतेत. तुमचं कुत्रं असेल तर लस द्या, रात्री बांधा, आणि माळावर मोकळं सोडून "बघा कसं पळतंय" म्हणून व्हिडिओ काढू नका. काळवीट, माळढोक, लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वरच्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या मागं कुत्रं सोडणं ही शिकार धरली जाऊ शकते.

कुंपणाला थेट लाईटचा करंट सोडायचा नाही, कुणी कितीही सांगू दे. त्यात जनावर मरतं, माणूसपण मरतो, आणि जेल होते. झटका मशिन वेगळं, ते सोलरवर मिळतं. कुंपण करताना खालून थोडी मोकळी जागा ठेवली तर खोकड, ससे निघून जातेत.

साप असणारच. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विषारी ह्या भागात आहेत. दगडाचे ढीग आणि सरपण घराला चिकटवून ठेवू नका, रात्री बॅटरी आणि बूट. साप घरात आला तर सर्पमित्राचा नंबर गावात कुणाकडंतरी असतोच. चावला तर मांत्रिक नको, ब्लेड नको, आवळून बांधणं नको, १०८ ला फोन करा आणि सोलापूरचं सिव्हिल गाठा. घर घेतानाच गाडीनं सिव्हिलला पोचायला रात्री किती वेळ लागतो ते एकदा जाऊन बघा, हा कंटाळवाणा सल्ला आहे पण ऐका.

झाडं लावायची हौस सगळ्यांना असते. आपल्या कंपाउंडमध्ये लावा, कडुलिंब, बोर, हिवर, आपटा, जे इथल्या उन्हात टिकतं ते. समोरच्या माळावर ग्रुप करून वृक्षारोपण करायला मात्र जाऊ नका. एक तर ती वनजमीन असते, आणि दुसरं म्हणजे गवताळ माळावर झाडं दाटली की माळढोक, काळवीट, धाविक पक्षी ह्यांची जागाच जाते. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून इथल्या माळाचं आधीच पुष्कळ भलं करून झालंय. आणि स्वतःच्या प्लॉटमधली चिंच, आंबा, जांभूळ तोडायचं असलं तरी परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे त्याला.

गावात नाव लावा, गावात या

आधारवरचा पत्ता लोकं बदलतेत, मतदार यादीतलं नाव मात्र जुन्या ठिकाणीच ठेवतेत. पत्ता बदलायचा तर निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरायचा, घराच्या नमुना ८ शी त्याचा काही संबंध नाही, दोन्ही लागतेत. गावच्या यादीत नाव असेल तरच तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास असतेत. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातलं जे कमी ते, आणि तेवढीपण जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. मग दिवाबत्ती, रस्ता, पाइपलाइन हे गावठाणातच फिरत राहतं, कारण प्लॉटिंगमधलं कुणी सभेला आलेलंच नसतं. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काय घेतलंय ते ई-ग्रामस्वराज वेबसाइटवर दिसतं, ते बघून जा, पहिल्याच सभेला भाषण ठोकू नका. आधी सरपंचांना, पोलीस पाटलांना, शेजारच्या अण्णांना भेटून या, सोलापूर आहे, कुणी मराठीत बोलेल, कुणी कानडीत, कुणी तेलुगूत, चहा सगळ्यांचा सारखाच. जानेवारीत कुणाच्यातरी शेतात हुरड्याला बोलावतील, तेव्हा जा. वनाची हद्द कुठं आहे आणि कुणाचं बोअर मे महिन्यात आटतं हे आगटीभोवती जेवढं कळतं तेवढं कुठल्याच ऑफिसात कळत नाही.

फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा: वनखात्याचं हॅलो फॉरेस्ट १९२६, पोलीस ११२, अॅम्ब्युलन्स १०८, महावितरण १९१२. लाइनमनचा आणि टँकरवाल्याचा नंबर गावात गेल्यावर घ्या, आणि तो टँकरवाला मे महिन्यात फोन उचलतो का ते शेजाऱ्याला विचारून घ्या.